साध्या लॅम्पशेडवर रंगकाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानातून आणलेली पांढरी किंवा बदामी शेड, रंगांच्या चार बाटल्या आणि एक मोकळी दुपार, एवढ्यावर हे काम सुरू होतं. मला येणारे प्रश्न मात्र बहुतेक वेळा दुपार संपून दिवा लावल्यानंतरचे असतात. "दिवसा इतकी छान दिसत होती हो!" असं विचारणाऱ्यांचं पहिलं वाक्य असतं. म्हणून सुरुवात तिथूनच करते. खाली वेगळं काही म्हटलं नसेल तर शेड म्हणजे टेबलावरच्या दिव्याची, सुती कापडाची, ढोलासारखी गोल शेड असं समजा.

पांढऱ्या रंगाने काढलेली फुलं दिवा लावल्यावर काळी का दिसतात?

दिवा बंद असतो तेव्हा खोलीतला उजेड शेडवर पडून परत येतो आणि तो आपल्याला दिसतो. दिवा लावला की उजेड आतून, कापडातून आरपार येतो. पांढऱ्या ॲक्रिलिकमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड असतं. खालचं सगळं झाकून टाकणं हाच त्याचा गुण, आणि इथे तोच आड येतो. त्या जागेतून उजेड बाहेर पडत नाही, मग भोवतीचं कापड उजळतं आणि फूल तेवढं काळं राहतं. सोनेरी, चंदेरी रंगांचं तर विचारूच नका. दिवसा झगमगतात आणि रात्री डांबरासारखे दिसतात.

माझी पहिली शेड अशीच गेली. बदामी कापडावर पांढरा मोगरा, एकेक पाकळी दोन-दोन हात देऊन काढला होता. संध्याकाळी कौतुकाने दिवा लावला. आई थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "माश्या बऱ्या काढल्यास गं." ती शेड अजून माझ्याकडे आहे. शिकायला आलेल्यांना आधी तीच दाखवते, दिवा बंद ठेवून आणि मग लावून.

मग दोन्ही वेळा बरं दिसेल असं करायचं तरी काय?

दिवा लावून रंगवा. एवढंच खरं तर सांगायचं आहे, बाकीचे सगळे प्रश्न त्याच्या पोटातले. शेड ओली असताना ती विजेच्या दिव्यावर बसवायची नाही. पण बॅटरीवर चालणारा छोटा एलईडी दिवा किंवा मोबाइलचा टॉर्च शेडच्या आत उभा करून ठेवता येतो. दर दहा मिनिटांनी तो लावायचा, बंद करायचा, दोन पावलं मागे जाऊन बघायचं. रंगाचा कुठला हात जाड झाला, कुठे डाग पडला, कुठे ब्रशच्या रेघा राहिल्या, हे दिवा लावल्याशिवाय कळतच नाही.

आराखडा ठरवतानाच दोनपैकी एक वाट धरा. एक तर रंग पातळ आणि पारदर्शक ठेवा, म्हणजे रात्री ते रंगीत काचेसारखे पेटतात. नाहीतर मुद्दाम गडद, अपारदर्शक आकृत्या काढा, ज्या दिवसाही काळपट आणि रात्रीही काळपट दिसतील; म्हणजे सावलीचाच खेळ. फसतं ते या दोन्हींची खिचडी केली की. आणि पांढरं हवं असेल तर तिथे रंगच लावू नका. कोरं कापड हाच रात्रीचा पांढरा रंग.

रंग पारदर्शक आहे की नाही हे दुकानात कसं ओळखायचं?

दुकानात अवघड आहे, घरी सोपं. कागदावर काळ्या पर्मनंट मार्करने एक जाड रेघ ओढा, ती वाळू द्या आणि तिच्यावरून प्रत्येक रंगाचा एक पट्टा आडवा ओढा. रेघ स्वच्छ दिसत राहिली तर रंग पारदर्शक, तिच्यावर साय धरल्यासारखी दिसली तर अपारदर्शक. साधारणपणे क्रिमझन, प्रशियन ब्लू, सॅप ग्रीन, बर्न्ट सिएना हे आरपार जातात. इंडियन रेड, व्हर्मिलियन आणि पांढरा मिसळून केलेले सगळे फिके रंग, म्हणजे बेबी पिंक, आकाशी, पिस्ता वगैरे, उजेड अडवतात. फिका गुलाबी हवा असेल तर क्रिमझनमध्ये पांढरा मिसळायचा नाही, त्याला मीडियमने, म्हणजे रंग पातळ करायच्या बिनरंगी द्रवाने, पातळ करायचं. ही एक सवय लागली की निम्मं काम झालं.

कुठले रंग घ्यावेत? फॅब्रिक पेंट की साधं ॲक्रिलिक?

दोन्ही चालतात. फॅब्रिक पेंट हे मुळात ॲक्रिलिकच, वाळल्यावर कापडाबरोबर वाकेल असं मऊ केलेलं. साडी किंवा कुडता रंगवायला आपण फेविक्रिलच्या किंवा कॅमलच्या ज्या छोट्या बाटल्या आणतो त्याच घ्या. शेड धुवायची नसते, त्यामुळे भारी रंगांचा हट्ट नको. एक जादा वस्तू मात्र जरूर आणा: मीडियम. फॅब्रिक पेंटच्या शेजारीच तो मिळतो. दुधट दिसतो, वाळला की स्वच्छ होतो.

रंग किती लागतो याचा अंदाज हवा असेल तर १० इंच व्यास आणि ८ इंच उंची असलेल्या शेडचा घेर होतो ३१.४ इंच, म्हणजे रंगवायची जागा साधारण २५० चौरस इंच. पातळ हात द्यायचा असल्यामुळे १५ मिलीच्या चार-पाच बाटल्या आणल्या तरी उरतात.

घरात ऑइल पेंट आणि स्प्रेचा डबा उरलाय, तो वापरला तर?

नको. ऑइल पेंटमधलं तेल कापडात झिरपतं आणि प्रत्येक आकृतीभोवती तेलकट वलय उमटतं, भज्याखालच्या कागदासारखं. ते दिवसा फारसं दिसत नाही, रात्री हमखास दिसतं. शिवाय वास आठवडाभर जात नाही आणि दिवा तापला की परत येतो. स्प्रेमधला सॉल्व्हंट शेडच्या मागचं प्लास्टिक विरघळवू शकतो. ग्रिलला रंग द्यायला ठेवा तो डबा.

मागचं प्लास्टिक? माझी शेड तर कापडी आहे.

बाहेरून कापडी. आत बोट फिरवून बघा. आजकालच्या बऱ्याच ढोलाकार शेडमध्ये कापड एका पातळ, कडक प्लास्टिकच्या पत्र्यावर चिकटवलेलं असतं, म्हणून तर ती आतल्या काड्यांशिवाय ताठ उभी राहते. रंगकामाला ही सर्वांत सोयीची: ब्रशखाली दबत नाही आणि रंग आत झिरपत नाही. पण हिला इस्त्री लावायची नाही. प्लास्टिक वितळतं, आकसतं, आणि मग ढोलाचा पापड होतो.

दुसरी जात म्हणजे तारेच्या सांगाड्यावर ताणून शिवलेलं कापड, आतून अस्तर असलेलं. ही ब्रशखाली दबते, म्हणून आतून डाव्या हाताचा तळवा लावून रंगवावं लागतं. ज्यूटवर बारीक रेघ उमटत नाही, ठसठशीत ठसेच काढा. कागदी गोल कंदील पाण्याने सुरकुततात, त्यांना जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग. रेशमावर रंग वाऱ्यासारखा पळतो. पहिल्या शेडला रेशीम घेऊच नका.

शेड पेट घेईल का? बल्ब किती वॅटचा लावायचा?

जुन्या तारेच्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेतच जायची, उजेड म्हणजे वरकड कमाई. तो बल्ब कापडाला खेटला की कापड आधी पिवळं, मग तपकिरी, मग कडक होऊन तडकायचं. एलईडी आल्यापासून ही चिंता पुष्कळ कमी झाली. ६० वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड साधारण ९ वॅटचा एलईडी देतो आणि टेबलावरच्या शेडला ५ ते ९ वॅट पुरतात. शेडच्या आतल्या किंवा होल्डरच्या चिठ्ठीवर जास्तीत जास्त वॅट छापलेले असतात, ते ओलांडू नका. हॅलोजन नको म्हणजे नकोच.

तरीही बल्ब आणि कापड यांच्यामध्ये मोकळी जागा हवी, चारही बाजूंनी दोन-अडीच इंच तरी. शेडची वरची बाजू झाकायची नाही. धूळ पडते म्हणून वर पुठ्ठा ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. गरम हवा बाहेर जायला तोच रस्ता असतो. आणि रंग पूर्ण वाळेपर्यंत शेड दिव्यावर चढवायची नाही, प्लग काढलेला असला तरी.

पिवळा बल्ब बरा की पांढरा? माझा निळा मोर रात्री हिरवट दिसतो.

मोर ज्या कापडावर काढला ते बदामी असणार आणि बल्ब पिवळा. उजेड आधी पिवळसर निघाला, बदामी कापडातून गाळून आणखी पिवळा झाला आणि मग निळ्या रंगातून बाहेर आला. पिवळ्यातून निळा गाळला की हिरवा उरतो, रंगपेटीत दोन्ही मिसळल्यासारखाच.

खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेला, २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप) बल्ब लाल, केशरी, हळदी, मातकट रंगांना खुलवतो. ६५०० केल्विनचा पांढरा बल्ब निळ्या-हिरव्यांशी प्रामाणिक राहतो, पण बैठकीची खोली दवाखान्यासारखी दिसायला लागते. माझी पसंती पिवळ्यालाच आहे, आणि मग चित्रातले रंगही त्याच घराण्यातले ठेवायचे. निळा मोर हवाच असेल तर शेड पांढरीशुभ्र घ्या.

आधी प्रायमर किंवा जेसो लावायचा का?

नाही. कॅनव्हासवर चित्र काढणाऱ्यांची ही सवय इथे सोडायची. जेसो म्हणजे पुन्हा पांढरा अपारदर्शक थर; तो लावला की शेडचा उजेडच गेला. कापड फार पाणी पीत असेल तर मीडियमचा एक पातळ हात पुरे.

रंग कापडावर फुटतो, कडा सरळ येत नाहीत. काय चुकतंय?

पाणी जास्त झालंय. रंग पातळ करायचा म्हणून त्यात बरोबरीने पाणी ओतलं की तो धाग्याधाग्याने पळतो, आणि पाण्यामुळे चिकटपणा कमी होऊन पुढे भुगाही सुटतो. पातळ करायचं ते मीडियमने, पाणी फक्त ब्रश ओला होण्यापुरतं. ब्रश बुडवला की सुती फडक्यावर एकदा टिपून मगच कापडाला लावायचा. एक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका, नाहीतर खालचा उचलला जातो आणि तिथे रात्री चट्टा दिसतो.

मोठी पार्श्वभूमी सपाट रंगवायची असेल तर ब्रशपेक्षा स्पंज बरा. भांडी घासायचा नवा स्पंज बोटभर रुंदीचा कापायचा, रंगात टेकवायचा, रद्दीवर टिपायचा आणि हलक्या हाताने ठोकत जायचं. ब्रशच्या रेघा दिव्यापुढे उघड्या पडतात; स्पंजचे ठिपके एकमेकांत मिसळतात.

चित्र शेडवर उतरवायचं कसं? कार्बनने चालेल?

निळा-काळा कार्बन नको, तो जात नाही. भरतकाम करणाऱ्या बायका पिवळा कार्बन वापरतात तो चालतो. पेन्सिलही बेतानेच, पातळ रंगाखालची शिशाची रेघ दिवा लागला की लख्ख दिसते. शिंप्याचा खडू उत्तम, रंग वाळल्यावर कोरड्या ब्रशने झटकला की गेला.

पण सगळ्यात सोपी युक्ती शेडनेच दिली आहे. चित्र पातळ कागदावर काळ्या पेनाने काढा, कागद शेडच्या आतून चिकटपट्टीने लावा आणि आत दिवा लावा. चित्र बाहेर आपोआप दिसतं, त्याच्यावरून थेट ब्रश चालवा. एकही खूण पुसायची उरत नाही. अस्तर जाड असेल तर खोलीतले दिवे घालवून बघा.

माझी शेड वर निमुळती आहे. सरळ पट्टे काढले तर वाकडे का येतात?

निमुळती शेड उलगडली की आयत होत नाही, पंख्यासारखा तुकडा होतो. त्यामुळे सरळ कागदावर काढलेली नक्षी तिच्यावर बसतच नाही. पंख्याचा आकार मिळवायचे दोन मार्ग. सोपा: मोठा कागद जमिनीवर पसरा, शेड आडवी ठेवा, जोडापासून सुरुवात करून ती हळूहळू लोळवा आणि दुसऱ्या माणसाने वरच्या व खालच्या कडेची रेघ मारत जायचं.

दुसरा हिशेबाचा. समजा वरचा व्यास ६ इंच, खालचा १२ इंच आणि तिरकी उंची ९ इंच. तिरकी उंची गुणिले खालचा व्यास, भागिले दोन व्यासांतला फरक: ९ गुणिले १२ भागिले ६, म्हणजे १८. दोऱ्याला पेन्सिल बांधून १८ इंच त्रिज्येचा कंस काढा, त्याच मध्यावरून १८ वजा ९, म्हणजे ९ इंचाचा दुसरा. या मापांना कोन बरोबर १२० अंशांचा येतो. शाळेतल्या शंकूच्या धड्याचा घरात उपयोग झाल्याचा हा एकमेव प्रसंग माझ्या माहितीत आहे.

नक्षी सारख्या अंतरावर यावी म्हणून भाग कसे पाडायचे?

मोजपट्टी नको. कागदाची पट्टी शेडभोवती गुंडाळून बरोबर घेराएवढी कापा. ती तीनदा निम्मी दुमडली की आठ भाग. पट्टी पुन्हा शेडला लावून घड्यांपाशी खडूने खुणा करा. वरच्या कडेला आणि खालच्या कडेला वेगळी पट्टी, निमुळत्या शेडला तर नक्कीच. शेडचा उभा जोड मागे जाईल असं बघा. चित्रात झाड असेल तर जोडावर खोड काढायचं, म्हणजे तो दिसेनासाच होतो.

वारली चित्रं काढायची आहेत. पांढरा रंग काळा दिसतो म्हणता, मग वारली कशी जमणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि त्याला सरळ उत्तर नाही. वारली चित्र मुळात भिंतीचं. पालघरकडच्या डहाणू, तलासरी, जव्हार भागात गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठीने, बांबूच्या ठेचलेल्या काडीने ते काढतात. लग्नातला चौक, त्यातली पालघट देवी, हे सवाष्णींनी काढायचं. भिंतीला उजेड समोरूनच मिळतो, त्यामुळे गडद जमिनीवर पांढरं शोभतं. जिव्या सोमा मशे यांनी हीच चित्रं कागदावर आणि कापडावर आणली आणि जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण कागद काय, कापड काय, तेही समोरूनच बघायचे.

शेडवर गेरू रंगाची जमीन आणि वर पांढऱ्या आकृत्या काढल्या तर दिवसा भिंतीची आठवण येते, आणि रात्री जमीन केशरी पेटून आकृत्या काळ्या होतात. हे वाईट दिसतं असं नाही. किंबहुना शेकोटीभोवती नाचणाऱ्यांच्या सावल्यांसारखं दिसतं, फक्त ते ठरवून करा. मला स्वतःला उलटी पद्धत आवडते: कोऱ्या बदामी कापडावर गडद गेरूने आकृत्या. दिवस-रात्र एकसारखी राहते. आणि विषय तारपा नाच घ्या, म्हणजे तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती फेर धरून केलेला नाच. भिंतीवर त्याचं वेटोळं कुठेतरी सुरू होऊन कुठेतरी संपतं. गोल शेडवर हात धरलेली रांग फिरून स्वतःलाच येऊन मिळते. ढोलाकार शेड जणू त्यासाठीच केली आहे.

तांदळाची पिठी मात्र शेडवर वापरू नका. ती तडकून गळते, आणि दमट हवेत बुरशीला व कसरीला आमंत्रण.

वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे त्या भागाशी जोडलेल्या या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. स्वतःच्या घरासाठी त्या धर्तीचं चित्र काढायला कुणाची हरकत नाही. पण विकायचं असेल तर त्यावर ‘अस्सल वारली’ लिहू नका. अस्सल हवं असणाऱ्याला तिथल्या चित्रकाराकडे पाठवा.

दिवसा शेड कोरी दिसावी आणि रात्री चित्र उमटावं, असं होतं का?

होतं, आणि पाहुण्यांना चकित करायला यासारखं काही नाही. चित्र बाहेरून काढायचंच नाही, आतून काढायचं. प्लास्टिकचं अस्तर असलेल्या शेडच्या आत काळा किंवा गडद रंग जाड लावा. बाहेरचं कापड दाट असेल तर दिवसा काहीच कळत नाही. ब्रश आत नेणं जमत नसेल तर काळ्या कार्डपेपरच्या आकृत्या कापून आतून चिकटवा. पिंपळपानं, बगळ्यांची माळ, अगदी घरातल्या मांजराचं शेपूट वर केलेलं चित्रसुद्धा.

कागद शेडला घट्ट चिकटलेला हवा. मध्ये फट राहिली की सावलीची कड धूसर होते. एकाच शेडमध्ये दोन बल्ब असतील तर सावल्या दुहेरी पडतात, तिथे ही युक्ती फारशी रंगत नाही.

रंगाबरोबर भोकं पाडली तर?

इथे मी जरा रेंगाळणार आहे. आंध्र प्रदेशात धर्मावरमजवळ निम्मलकुंटा नावाचं गाव आहे. तिथले कलाकार पिढ्यान्‌पिढ्या चामड्याच्या बाहुल्या करत आले, सावल्यांच्या खेळासाठी. शेळीचं कातडं कमावून इतकं पातळ करायचं की उजेड आरपार जावा, त्यावर पारदर्शक रंग भरायचे आणि दागिन्यांच्या जागी बारीक भोकं पाडायची. पडद्यामागे दिवा लागला की रंग पेटतात आणि भोकांमधून नुसता शुभ्र उजेड येतो, हिऱ्यांसारखा. खेळ बघणारे कमी झाले तसे हेच हात लॅम्पशेडकडे वळले, आणि आज ते गाव शेडसाठीही ओळखलं जातं. तिथले दलवाई चलपति राव यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, जपली. परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री त्यासाठीच मिळाली.

म्हणजे रात्रीच्या पांढऱ्या रंगाचं कोडं या लोकांनी केव्हाच सोडवलं होतं: पांढरं लावायचं नाही, टोचायचं. कागदी किंवा प्लास्टिकचं अस्तर असलेल्या शेडवर आपणही जाड सुईने तसं करू शकतो. आतून थर्मोकोलचा तुकडा धरा आणि बाहेरून टोचा. मोराच्या पिसाऱ्यातले डोळे, नथीतले मोती, आकाशातल्या चांदण्या. भोकं एकमेकांपासून चार-पाच मिलिमीटर तरी लांब ठेवा, नाहीतर ओळीने फाटतं. तारेच्या सांगाड्यावर ताणलेल्या सैल विणीच्या कापडाला मात्र टोचू नका, धागे सरकून भोकं बुजतात.

चिकटपट्टी लावून पट्टे काढले, तरी रंग खाली गेला.

पट्टी कापडाच्या विणीवर पूर्ण टेकत नाही. मास्किंग टेप लावा, तिची कड नखाने दाबा आणि कडेवरून आधी नुसत्या मीडियमचा हात फिरवा. तो आत शिरून फट बुजवतो आणि वाळल्यावर दिसत नाही. मग रंग. टेप रंग ओलसर असतानाच काढायची.

चूक झाली. पुसता येईल?

ओली असेपर्यंत, हो. ओल्या कापसाच्या काडीने बाहेरून आत टिपत या, घासू नका. वाळली की विसरा. वरून पांढरा रंग लावून झाकायचा मोह होईल, पण तो चुकीपेक्षा मोठा काळा ठिपका होतो हे आता तुम्हाला माहीत आहे. थेंबाचं पाखरू करा, ओघळाची वेल करा. माझ्या दोन शेडवर कारण नसताना चिमण्या बसल्या आहेत.

मला चित्र अजिबात येत नाही. मुलंही हात लावणार म्हणतात.

भेंडी आणा. देठाकडून आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल तयार. कापलेली बाजू कागदावर टिपून कोरडी करा, मग रंगात टेकवून ठसा द्या. बटाट्याचा ठसा मोठ्या आकारांना, कारल्याचा काप कातरलेल्या कडांना, पेन्सिलीच्या मागचं रबर ठिपक्यांना. मुलांना शेडवर सोडण्याआधी जुन्या उशीच्या अभ्र्यावर हात बसू द्या. ठसे खालच्या कडेपाशी दाट आणि वर जाताना विरळ केले की नवशिक्याचं कामही योजून केल्यासारखं दिसतं. चित्र येणाऱ्यांपेक्षा न येणाऱ्यांच्या शेड बऱ्याचदा सुंदर होतात, कारण ते थांबतात लवकर.

वाळायला किती वेळ? इस्त्री करावी लागते ना?

हाताला कोरडं अर्ध्या तासात लागतं, पण एक दिवस तरी ठेवा. बाटलीवर उलट बाजूने इस्त्री करायला सांगितलेलं असतं ते धुवायच्या कपड्यांसाठी. शेड धुवायची नाही, तेव्हा इस्त्री नको.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम शक्यतो टाळाच. रंग दोन-दोन दिवस चिकट राहतो, त्यावर धूळ बसते, आणि बंद खोलीत ओल्या शेडला बुरशी यायला चार दिवस पुरतात. करायचंच असेल तर पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर चालतो, पण थंड हवेवर आणि वीतभर अंतरावरून.

वर वॉर्निश?

गरज नाही. चकचकीत वॉर्निशचे चट्टे दिव्यापुढे दिसतात.

साफ कशी करायची?

कोरड्या, मऊ, रुंद ब्रशने वरून खाली. जुना दाढीचा ब्रशही चालतो. ओलं फडकं आणि काच पुसायचा स्प्रे लांब ठेवा.

आजीच्या काळातली जुनी शेड आहे, डाग पडलेत. रंगवून लपतील?

दिवसा लपतील, रात्री वर येतील. आधी आत दिवा लावून डाग कुठे आहेत ते बघा आणि तिथेच गडद पान किंवा फांदी येईल असा आराखडा करा. कापड दाबल्यावर करकरत असेल किंवा भुगा पडत असेल तर ते उष्णतेने मेलं आहे. रंगवून उपयोग नाही. तारेचा सांगाडा मात्र फेकू नका. जुने सांगाडे मजबूत असतात. गंज काचपेपरने घासा, सुती कापडाची पट्टी गुंडाळा आणि नवं कापड शिवून घ्या. आईची जुनी सुती साडी चालते, आणि मग कदाचित रंगवायचीही गरज उरत नाही.

हेच सगळं आकाशकंदिलावर चालेल का?

उजेडाचं गणित तेच. फरक एवढा की कंदील बाहेर असतो. पहाटेचं दव पडतं, दिवाळीत अवेळी पाऊसही येतो. पतंगाच्या कागदाचा कंदील असेल तर रंगवण्यापेक्षा रंगीत कागदांचेच थर लावा, ते उजेडात जास्त शोभतात. कापडी कंदिलाला ॲक्रिलिक चालतं. होल्डर आणि वायरच्या जोडावर पाणी जाणार नाही एवढं बघा.

सगळं सुरेख झालं, पण आता त्या दिव्यात वाचायला उजेड पुरत नाही.

रंगाने उजेड अडवला, तो कुठे जाणार? बल्ब बदलायचा तर छापलेल्या वॅटच्या आतच एक पायरी वरचा एलईडी घ्या. पण आधी शेडची उंची बघा. वाचायचा उजेड शेडच्या कापडातून येतच नाही, खालच्या तोंडातून येतो. खुर्चीत बसल्यावर शेडची खालची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा जरा खाली असावी, म्हणजे बल्ब डोळ्यांवर येत नाही आणि उजेड पुस्तकावर पडतो. दिवा बुटका असेल तर खाली दोन जाड दिवाळी अंक ठेवून बघा. माझा गेली तीन वर्षं त्यांच्यावरच उभा आहे.